बोरूने सुलुस: बोस्नियाच्या खत्तातांची रीत मुंबईच्या हवेत

'या हाफिज' म्हणजे 'हे रक्षणकर्त्या'. उस्मानी काळात आगीच्या भीतीने घराच्या दर्शनी बाजूला हे दोन शब्द लिहीत. चौकटीत घालून भिंतीवर टांगायच्या अशा अक्षरचित्राला बोस्नियात आणि तुर्कस्तानात लेव्हा म्हणतात. या दोन शब्दांची एक लेव्हा सुलुस या अरबी अक्षरशैलीत, ३ मिमी रुंद नोकेच्या बोरूने, म्हणजे वेळूच्या लेखणीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी करायची ते इथे सांगितले आहे. यातले निम्म्याहून जास्त काम अक्षराला हात घालण्याआधीचे आहे. नवशिके अडतात ते बहुतेक वेळा कागदामुळे, शाईमुळे किंवा नोकेच्या छेदामुळे, आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला देतात.

बोस्निया १४६३ मध्ये उस्मानी राज्यात गेला आणि अरबी लिपीची तिथली वहिवाट चार शतकांवर चालली. मशिदी, मदरसे आणि थडग्यांचे दगड तर या लिपीत कोरलेच, पण बोस्नियाई भाषाही अरबी अक्षरांत लिहिली गेली. त्या लिपीला अरेबित्सा म्हणतात. तिच्यात काही आवाजांसाठी अक्षरे कमी पडत, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमालुद्दीन चाउशेविच यांनी तिची नीट घडी बसवली. मोडी वाचणाऱ्या मराठी माणसाला हे प्रकरण अनोळखी वाटू नये.

या मातीतला सर्वांत गाजलेला माणूस नसूह मात्राक्ची. तो मूळचा व्हिसोकोकडचा मानला जातो आणि त्याचे निधन १५६४ चे. तो सुलतान सुलेमानच्या पदरी होता. गणित, इतिहास, शहरांची चित्रे, शस्त्रविद्या असा त्याचा पसारा आणि दिवाणी या दरबारी अक्षरशैलीत हात पक्का. 'मात्राक' म्हणजे काठ्यांचा खेळ. आपल्या फरी-गदग्याच्या जवळचा हा खेळ त्याच्या नावालाच चिकटला. अलीकडच्या काळात सराजेव्होत ही कला एश्रेफ कोव्हाचेविच यांनी टिकवली. चाझिम हाजीमेयलिच ती तिथल्या ललितकला अकादमीत शिकवत आले आहेत. जुना नमुना पाहायचा असेल तर सराजेव्होतल्या हाजी सिनानच्या सतराव्या शतकातल्या तेकियाच्या, म्हणजे सूफी मठाच्या, भिंतींची छायाचित्रे शोधा. एवढ्या मोठ्या भिंतीवरही अक्षराचे माप सुटलेले नाही.

कागद आधी

मुंबईत कागदाचे काम ऑक्टोबर ते मे याच काळात करा. जून ते सप्टेंबर लावलेला लेप वाळत नाही. वरून कोरडा वाटतो, घोटायला घेतला की दगडाला चिकटून सालपट निघते.

११० ते १२० जीएसएमचा, चकाकी नसलेला, कापसाच्या लगद्याचा कागद घ्या. अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि फोर्टातल्या चित्रसाहित्याच्या दुकानांत हातकागद मिळतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा मिळाला तर उत्तम. आर्ट पेपर नको, त्याच्यावरचा खडूचा थर लेप धरत नाही. पांढराफटक कागद डोळ्याला टोचतो, म्हणून १ लिटर पाण्यात २० ग्रॅम चहापूड उकळून गाळा आणि त्यात कागद एकदा बुडवून वाळत घाला. दोरीवर चिमट्याने लावू नका, चिमट्याच्या जागी डाग पडतो. पंचावर आडवा पसरा.

आता लेप. तुर्की आणि बोस्नियाई खत्तात, म्हणजे सुलेखनकार, त्याला आहार म्हणतात. तीन अंड्यांचा पांढरा बलक एका वाटीत घ्या. सुपारीएवढा तुरटीचा खडा त्यात धरून वीसेक मिनिटे फिरवत राहा. आधी बलक पाण्यासारखा होतो, मग दाट फेस येतो. चार-पाच तास तसाच ठेवून फेस काढून टाका आणि उरलेले मलमलीतून गाळा. मऊ रुंद कुंचल्याने एका दिशेने एकच हात द्या. पूर्ण वाळला की दुसरा हात आडवा. तिसऱ्याचा मोह टाळा. जाड लेपाला गुंडाळताना चिरा जातात आणि अक्षरासकट टवके उडतात. घरात अंडे चालत नसेल तर तांदळाची पातळ खळ लावा. सुती साडीला घालतो त्याहून अर्धी पातळ. तिच्यावर अक्षर खोडणे अंड्याच्या लेपाइतके सोपे जात नाही, पण सरावाला ती पुरते.

लेप वाळल्यापासून आठवड्याच्या आत कागद घोटलाच पाहिजे. उशीर झाला तर थर कडक होतो आणि दाब दिला की तडकतो. घोटायला अकीकाचा गुळगुळीत दगड लागतो, तो नसेल तर मोठी कवडी. कागद ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. कोरडा साबण लोकरीच्या फडक्याला घासून ते फडके कागदावरून हलकेच फिरवा, म्हणजे दगड अडकत नाही. मग मागे-पुढे, एकसारख्या दाबाने, आधी उभे आणि नंतर आडवे घोटा. तिरप्या उजेडात पाहा. चमक सलग दिसली पाहिजे. मधे मंद पट्टा दिसला तर तिथे शाई फुटणार हे नक्की.

घोटलेले कागद दोन फळ्यांत दाबून ठेवा आणि वर्षभर विसरा. सहा महिने तरी. ताज्या लेपावर शाई नीट बसत नाही, कडा दातेरी येतात. म्हणून शहाणा माणूस एकदम वीस-पंचवीस ताव करून ठेवतो. पावसाळ्यात हा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या आणि थोडी लवंग घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. अंड्याच्या वासाला कसर फार लवकर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा उघडून पाहायला हवे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण शाई लेपाच्या वर राहते, कागदात शिरत नाही. चूक झाली की ओल्या बोटाने किंवा जिभेने पुसता येते. तुर्कीत शिकलेल्या माणसाला 'शाई चाटलेला' म्हणतात ते यावरून.

शाई

बाजारातली वॉटरप्रूफ काळी शाई घेऊ नका. तिच्यात लाखेसारखे द्रव्य असते. ती बोरूच्या चिरेत वाळून बसते आणि कागदावरून पुसता येत नाही. फाउंटन पेनची शाई तर लेपावर गोळा होऊन थेंबाथेंबाने जमते आणि उन्हात उडते.

काजळीची शाई घरी होते. काजळ पाडतात तशीच रीत: मातीच्या पणतीत जवसाचे किंवा तिळाचे तेल, जाड वात आणि ज्योतीच्या टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर वर उपडे घातलेले तांब्याचे ताट. ज्योत ताटाला टेकली तर काजळी तेलकट येते. खिडकीचा वारा बंद करा, पंखाही. जमलेली काजळी पिसाने कागदावर उतरवा. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत दिव्यांचा धूर एका खोलीकडे ओढून घेण्याची सोय वास्तुकार सिनानने बांधतानाच केली होती आणि तिथली काजळी शाईसाठी वापरत. आपल्याकडे तेवढे दिवे नाहीत, म्हणून ५ ग्रॅम जमायला बऱ्याच रात्री जातील. घाई असेल तर रंगाच्या दुकानातला दिव्याच्या काजळीचा काळा रंग, म्हणजे लॅम्प ब्लॅक, पूड स्वरूपात घ्या.

घरच्या काजळीतला तेलकटपणा काढायची जुनी युक्ती अशी की काजळी कागदात घट्ट बांधायची, पुडी कणकेच्या गोळ्यात भरायची आणि गोळा भट्टीत भाजायचा. तेल कणीक शोषून घेते. ओळखीचा पाववाला असेल तर काम सोपे.

डिंकाची भानगड मोठी आहे. मशीद बंदरला 'डिंक' म्हणून मागितलात तर तीन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. आपल्याला बाभळीच्या जातीचा, पाण्यात पूर्ण विरघळणारा हवा. लाडवासाठी मिळणारा धावड्याचा डिंक अर्धवट विरघळतो. कतीरा तर फुगून जेलीच होतो. ओळखायची रीत: चमचाभर खडे पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी मधासारखे पारदर्शक आणि तळाशी फक्त काडीकचरा असेल तर तो चालेल. तळाशी बुळबुळीत गोळे असतील तर लाडूच करा.

१० ग्रॅम डिंक ३० मिली पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा. ५ ग्रॅम काजळी खलात घ्या. तिच्यावर एकदम पाणी ओतलेत तर ती तरंगून वर येईल आणि खोलीभर उडेल. आधी डिंकाच्या पाण्याचे आठ-दहा थेंब घालून चटणीसारखा लगदा करा, तो घोटा, मग थेंबाथेंबाने वाढवत जा. रोज दोन तास, असे चार-पाच दिवस. जितके घोटाल तितकी रेघ गडद आणि कड स्वच्छ. शेवटी दोन लवंगा टाका, शाई सडत नाही.

चाचणी: लेप दिलेल्या कागदावर एक रेघ ओढा आणि तासाभराने कोरडे बोट फिरवा. बोट काळे झाले तर डिंक कमी. रेघ चकाकते आणि कागद वाकवल्यावर तडकते, तर डिंक जास्त. ऑगस्टमध्ये जास्त डिंकाची शाई दोन दिवसांनीही चिकट राहते, म्हणून पावसाळ्यासाठी डिंक थोडा हात राखून घाला.

दौतीत शाई मोकळी ठेवायची नाही. कच्च्या रेशमाचा सुपारीएवढा बोळा कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून दौतीत घाला आणि तो भिजेल इतकीच शाई ओता. बोरू या बोळ्यावर टेकवला की मोजकी शाई उचलतो आणि नोक दौतीच्या तळावर आपटत नाही. रेशमाऐवजी कापूस घातलात तर त्याचे तंतू चिरेत अडकतात आणि प्रत्येक रेघेला शेपूट फुटते.

बोरू

मोडी लिहिणारे कारकून वापरत तोच बोरू. मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजारातल्या उर्दू किताबांच्या दुकानांत 'बरूचे कलम' म्हणून विचारा. लालसर तपकिरी, सरळ, ८ ते १० मिमी जाड, भिंत किमान २ मिमी. फरशीवर हलकेच टाकून आवाज ऐका. खणखणीत आला तर घ्या, भद्द आला तर आत पोकळ मऊ गर आहे. देवनागरीसाठी कापून ठेवलेला तयार बोरू तसाच वापरू नका. त्याचा छेद उलट्या बाजूला उतरतो.

कापणी चार टप्प्यांत. पहिला, टोकापासून साडेतीन सेंटिमीटरवरून पोट तिरके उघडा, आतला गर खरवडून काढा. दुसरा, दोन्ही कुशी थोड्या थोड्या तासत नोक ३ मिमीवर आणा. दोन्हीकडून सारखेच घ्या, नाहीतर लिहिताना बोरू एका अंगाला कलतो. तिसरा, नोकेच्या मधोमध १० ते १२ मिमीची चीर. चाकूचे पाते टेकवून हलकाच दाब द्या, वेळू आपण होऊन फाटतो. चीर नसेल तर शाई उतरत नाही. लांब झाली तर दाबाखाली दोन्ही पाय फाकतात आणि एका रेघेच्या दोन होतात.

चौथा टप्पा म्हणजे छेद. उस्मानी कारागीर त्यासाठी हाडाची किंवा हस्तिदंताची खाचेची पट्टी वापरत, तिला मक्ता म्हणतात. आपल्याला जाड ॲक्रिलिकचा तुकडा पुरे. लाकडावर कापलात तर नोकेच्या खालच्या कडेला कुसे राहते, लोखंडावर कापलात तर चाकू जातो. बोरूची पाठ वर, नोक समोर. उजवे टोक पुढे आणि डावे मागे राहील असा सुमारे ३५ अंशांचा तिरका छेद एका झटक्यात. 'टक' असा आवाज आला पाहिजे. करवतल्यासारखे पुढे-मागे केलेत तर कड दातेरी येते, आणि ते दात प्रत्येक अक्षरात दिसतात. छेद जमला नाही तर मिलिमीटरभर मागे येऊन पुन्हा. एका बोरूवर चाळीस-पन्नास छेद सहज निघतात, कंजुषी नको.

टिंबाचे माप

बगदादचा इब्न मुक्ला (निधन ९४०) याने अक्षराला टिंबाचे माप लावले. नंतर शेख हमदुल्ला आणि हाफिज उस्मान या उस्मानी उस्तादांच्या हाताखालून ते पिढ्यानपिढ्या बोस्नियापर्यंत गेले. माप फूटपट्टीचे नाही, तुमच्याच बोरूचे. नोक पूर्ण टेकवून तिरकी ओढली की शंकरपाळ्यासारखे टिंब उमटते. अशी सात टिंबे टोकाला टोक लावून उभी रचा. तेवढी सुलुसच्या अलिफची, म्हणजे उभ्या दांडीसारख्या पहिल्या अरबी अक्षराची, उंची. ३ मिमीच्या बोरूचे टिंब टोकापासून टोकापर्यंत चारेक मिमी भरते, म्हणजे अलिफ साधारण ३ सेंटिमीटर. नस्ख या दुसऱ्या शैलीत तोच अलिफ चार-पाच टिंबांचा.

पहिले दोन आठवडे फक्त टिंबे काढा. कंटाळा येईल, पण चारही बाजू सारख्या आणि कोपरे टोकदार असे दहापैकी नऊ टिंब येईपर्यंत अलिफ काढण्यात अर्थ नाही. मग सुटा अलिफ: वरून खाली, डोक्याला उजवीकडे छोटी जुल्फ, म्हणजे बटेसारखी आकडी, खाली येताना निमुळता. मग बे, हे आणि पुढची अक्षरे एकेकटी. मग दोन-दोन अक्षरांच्या जोड्या. उस्मानी परंपरेत मश्कची, म्हणजे सरावाची, सुरुवात 'रब्बी यस्सिर' या प्रार्थनेने होते, म्हणजे 'प्रभो, सोपे कर'. शिष्य लिहून आणतो आणि उस्ताद चुकलेले अक्षर तिथेच खाली पुन्हा लिहून दाखवतो, लाल शाईने टिंबे मांडून. मुंबईत उर्दू छपाईच्या जमान्यातले कातिब, म्हणजे हाताने मजकूर लिहून देणारे, आता थोडे उरले आहेत. त्यांचा हात बहुधा उर्दूच्या नस्तालिक शैलीचा असतो, पण बोरू कापणे आणि टिंब मोजणे त्यांच्याइतके कुणी शिकवणार नाही. व्हिडिओ पाहून नोकेचा कोन कळतो, दाब कळत नाही.

बसायची पद्धतही महत्त्वाची. टेबलाच्या कडक काचेवर लिहिले तर नोकेचा एकच कोपरा टेकतो. जुने खत्तात उजवा गुडघा उभा करून त्यावर लवचीक पुठ्ठा ठेवीत. ते जमत नसेल तर कागदाखाली वर्तमानपत्राचे दहा-बारा थर घाला. उजेड डावीकडून.

लेव्हा

'या हाफिज' मध्ये अक्षरांचे तीन पुंजके आहेत: ये-अलिफ, हे-अलिफ, फे-जोय. गंमत अशी की यातले दोन्ही अलिफ जोडलेले आहेत, सुटे नाहीत. जोडलेला अलिफ खालून वर जातो आणि त्याला जुल्फ नसते. सुट्या अलिफच्या सवयीने इथेही डोक्याला जुल्फ काढणे ही हमखास चूक. जुल्फ फक्त जोयच्या उभ्या दांडीला. तीन दांड्या झाल्या, त्यांच्यातली अंतरे टिंबांनी मोजून सारखी ठेवा आणि त्या एकमेकींना समांतर आहेत ना ते कागद उलटा धरून पाहा. सुलट धरला की डोळा वाचायला लागतो आणि कलणे सुटते.

लेप दिलेल्या चांगल्या कागदावर थेट लिहू नका. आधी साध्या कागदावर वीस-तीस आराखडे, त्यातला बरा निवडा. मोठ्या कामाला खत्तात कालिब करतात. निवडलेल्या आराखड्याखाली कोरा कागद ठेवायचा आणि अक्षरांच्या कडेने बारीक सुईने दोन्ही कागदांना जवळजवळ भोके पाडायची. मग खालचा भोकांचा कागद खऱ्या कागदावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवायची. भोकांच्या कागदाने रांगोळी काढणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. वरचा मूळ आराखडा स्वच्छ राहतो, पुन्हा वापरता येतो.

लिहिण्याआधी मऊ फडक्यात बांधलेली खडूची पूड कागदावरून फिरवून झटका. बोटांचा तेलकटपणा असेल तिथे शाई मागे सरते. मुंबईच्या घामात तर तळहाताखाली एक जादा कागद ठेवणे सक्तीचेच. पंखा बंद. प्रत्येक फटकारा एका श्वासात, मधे थांबलात तर तिथे गाठ दिसते. शाई अक्षराच्या मध्यावर संपली तर त्याच जागी परत टेकवू नका. अर्धी रुंदी मागे येऊन सुरू करा.

टिंबे शेवटी: येखाली दोन, फेवर एक, जोयवर एक. मात्रा आणि मोकळी जागा भरणाऱ्या खुणा १ मिमीच्या वेगळ्या बोरूने. कडेचा दातेरीपणा वाळल्यावर धारदार पात्याच्या टोकाने खरवडून सरळ करता येतो, लेप आहे म्हणूनच.

खाली सही करायची तर नुसते नाव लिहा. 'कतबहू', म्हणजे 'याने लिहिले', हा शब्द उस्तादाने इजाजतनामा, म्हणजे परवानगीपत्र, दिल्यावरच वापरायचा असतो. बोस्नियाच्या दारांवरच्या लेखांत तारीखही बरेचदा नुसत्या अंकांत नसते. शेवटच्या ओळीतल्या अक्षरांच्या किमती जोडल्या की वर्ष निघते. ७८६ ही संख्या मुंबईत नोटेवर, रिक्षावर दिसते ती याच हिशेबाची, 'बिस्मिल्ला'च्या पूर्ण ओळीतल्या अक्षरांची बेरीज.

बिघडलेले ताव कचऱ्यात टाकू नका, त्यावर देवाचे नाव आहे. लेपावरची शाई पाण्याने निघते. ओल्या स्पंजने पुसा, ते पाणी झाडाच्या कुंडीत घाला आणि कागद वाळवून पुन्हा घोटा. त्यावर सराव होतो.

चौकट करताना काच आणि कागद यांत किमान ३ मिमी अंतर राहील असे माउंट लावायला सांगा. काच टेकली तर पहिल्याच पावसाळ्यात लेप तिला चिकटतो. मागे प्लायऐवजी आम्लरहित पुठ्ठा, आणि भिंतीशी टेकणाऱ्या चारही कोपऱ्यांना बूच किंवा रबराचे बुटके पाय, म्हणजे ओल आलेल्या भिंतीपासून मागून वारा खेळतो.